स्थानिक नाव

किनवटच्या पुढं, नाला ओलांडून,
मी पालथी पडलेय ओल्या पाचोळ्यावर.
चष्म्यावर चिखल. कोपराखाली काहीतरी वळवळतंय,
आणि नाकापासून चार बोटांवर
एक फूल,
थेट मातीतून वर आलेलं,
कुणी जाता जाता खाली ठेवावं आणि विसरावं, तसं.

पानं अजून यायचीत.
हळदीच्या या घराण्यात काहींचं असंच,
आधी फूल, मग बाकीचा संसार.

"काहून निजली वं बाई इथं?"
पोडावरची लच्चुबाई आत्राम मागं उभी.
तिला रानहळद ठाऊक, कचोरा ठाऊक,
मासे झिंगवणारं फळ,
बाळंतिणीला द्यायची साल,
आणि कुठला कंद तीन पाण्यांत उकळल्याशिवाय
तोंडात घालायचा नाही, तेही.
ती वाकली. बराच वेळ बघत राहिली.
"हे? हे खात नाई. कशावर चालत नाई.
याले नाव कोण ठेवीन?"

मी पट्टी काढली.
ओठासारखी पाकळी एकोणीस मिलिमीटर.
रंग पिवळा लिहिला, मग खोडला.
ताकात हळदीचं बोट बुडवावं, तेवढाच पिवळा.
परागकोशाला खाली दोन शिंगं,
मुंगीच्या मिशांएवढी,
आणि दोन्ही आत वळलेली.
आजवर पाहिलेल्या सगळ्यांची बाहेर वळतात.
बस, एवढंच.
एवढ्यासाठी माझा श्वास थांबला होता,
हे लच्चुबाईला कसं सांगू?

साडेनऊला ते मऊ पडायला लागलं.
ही फुलं कागदात दाबता येत नाहीत,
दाबली की विरघळतात,
टीपकागदावर डाग उरतो नुसता.
म्हणून स्पिरिटची बाटली.
आणि कायद्यानं नाव द्यायचं, तर एक अख्खं रोप
मुळासकट कपाटात जावं लागतं.
खुरप्यानं खणलं.
गड्डा आतून पांढरा,
वास आल्याचा नाही, कापराचाही नाही,
ओल्या पाटीचा.
अकरा होती. दहा राहिली.

पुण्यातले जुने नमुने झाले, कोलकात्याचे झाले.
कुण्या जाणत्यानं लिहून कळवलं,
शिंगं सुकताना आत वळली असतील.
पुढच्या वर्षी पुन्हा तिथंच पालथी पडले.
दहांतली चार फुलली होती.
जिवंत, दंव धरलेली,
शिंगं आतच.

वसमतला अण्णांनी चाळीस वर्षं हळद शिजवली.
नखं अजून पिवळी.
मोबाईलवर फोटो दाखवला,
तर अंगठ्यानं काच पुसून म्हणाले,
"हळदीलाही येतंय की फूल भादव्यात.
बघायला टाइम कुणाला होता?"
मग सोयरीक विचारावी तसं,
"कोण्या गावचं म्हणालीस?"
मी सांगितलं नाही.
निबंधातसुद्धा गाव मोघम ठेवलंय.
खणणारे सगळे
एकावर थांबत नाहीत.

निबंधात एक रकाना असतो, स्थानिक नाव.
तिथं मी रेघ मारली होती.
लच्चुबाईचा शब्द प्रमाण.

यंदा मृग सरता सरता तिच्या नातवाचा फोन,
शंकर, आश्रमशाळेत नववीला आहे.
"मॅडम, आजी म्हणते, निजल्या बाईचं फूल आलं.
सतरा हायेत."
मागून तिचा आवाज, "अठरा सांग, अठरा!"

कोण म्हणतं असं, मी विचारलं.
"सगळंच पोड म्हणते."

आता छापून झालंय.
लॅटिनमध्ये नाव आहे, तिरप्या अक्षरांत,
मापं आहेत, शिंगांचं चित्र आहे,
आणि त्या रकान्यात ती रेघ,
आडवी,
मी पडले होते तशीच.